वाचकांचे प्रश्न: सरकारी कामाची ठेकेदारी

प्रश्न : मी गवंडी आहे. गावातली घरं लेबरसकट अंगावर घेतो. आता शाळाखोली, नाली, समाजभवन अशी सरकारी कामं घ्यायची आहेत. ठेकेदारीचा परवाना कुठे काढायचा? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : खाजगी घरं बांधण्यासाठी ठेकेदाराला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. सरकारी कामासाठी मात्र सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी लागते, आणि जिल्हा परिषदेच्या निविदेतही बहुधा हीच विचारतात. नोंदणी वर्गवार असते. आपला वर्ग जेवढा, तेवढ्याच रकमेपर्यंतची निविदा भरता येते. सुरुवात खालच्या वर्गापासून करा. त्या वर्गाच्या सध्याच्या अटी आणि अर्जाचा नमुना कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात मिळेल.

पॅन, जीएसटी, बँकेचं ऐपत प्रमाणपत्र, प्राप्तिकर विवरणपत्रं, यंत्रसामग्रीची यादी आणि केलेल्या कामांचे दाखले ही कागदपत्रं लागतात. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावामुळे. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर फक्त आद्याक्षर, बँकेत आडनाव आधी, असं असेल तर आधी सगळीकडे एकसारखं करून घ्या, मगच जीएसटीला हात घाला. घर वडिलांच्या नावे असल्यास जीएसटीसाठी त्यांचं संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 जोडा. पुष्कळ जण तलाठ्याकडचा 8-अ आणतात. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, घराचा नव्हे. जीएसटी क्रमांक मिळाला की काम नसलं तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर विलंब शुल्क चढत जातं.

खरी अडचण अनुभवाची. मोठ्या ठेकेदाराकडून पेटीवर (म्हणजे पोटठेक्याने) घेतलेलं काम तुम्ही स्वतः उभं केलं असलं, तरी दाखला मूळ ठेकेदाराच्याच नावे निघतो. म्हणून वर्षानुवर्षं पेटीवर राबणं नुकसानीचं आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. छोटं का होईना, स्वतःच्या नावाचं काम घ्या आणि दाखल्यावर कार्यादेश (वर्क ऑर्डर) क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख व अंतिम देयकाची रक्कम या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. मजूर सहकारी संस्थेचं सभासद होणं हाही एक रस्ता आहे.

प्रश्न : मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे, अनुभव नाही. त्याच्या नावे नोंदणी होईल का? (वरुड)

उत्तर : होईल. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून अर्ज करा. छोट्या कामांच्या वाटपात काही वाटा या गटाला, काही मजूर संस्थांना आणि बाकीचा इतर नोंदणीकृत ठेकेदारांना, अशी पद्धत आहे. ऑनलाइन निविदेसाठी त्याची डिजिटल स्वाक्षरी काढून ठेवा आणि ती त्याच्याच ताब्यात राहू द्या.

प्रश्न : पाच लाखांच्या बिलातून एवढी कपात कशाची होते? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : जीएसटी वगळून बिल 5 लाखांचं धरू. एकट्याच्या नावे काम असेल तर प्राप्तिकर 1 टक्का म्हणजे 5,000, जीएसटीची कपात 2 टक्के म्हणजे 10,000 आणि कामगार कल्याण उपकर 1 टक्का म्हणजे 5,000. यातल्या पहिल्या दोन रकमा तुमच्याच कराच्या खात्यावर जमा होतात आणि कर भरताना वळत्या करता येतात. उपकर मात्र परत येत नाही, तो निविदेत दर भरतानाच हिशेबात धरा. सुरक्षा ठेव वेगळी कापली जाते आणि दोषदायित्वाची (कामात दोष निघाल्यास दुरुस्त करून देण्याची) मुदत संपल्यावर सुटते.

सगळ्यात जास्त फटका रॉयल्टीचा, म्हणजे सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाचा बसतो. रेती, गिट्टी, मुरूम यांचे वाहतूक पास जोडले नाहीत, तर मोजमाप पुस्तिकेतल्या परिमाणावरून स्वामित्वधन बिलातून कापतात. रेतीवाल्याला तुम्ही पैसे दिलेलेच असतात, म्हणजे एकाच मालाची रॉयल्टी दोनदा जाते. गाडी खाली होण्याआधी पास हातात घ्या. त्यावरचा गाडी क्रमांक, तारीख आणि ब्रास (मालाचं माप) तिथेच तपासा आणि कामाचं नाव मागे लिहून कामागणिक वेगळ्या फाइलीत लावा. जुन्या तारखेचा किंवा दुसऱ्या गाडीचा पास कार्यालय मान्य करत नाही.