राणी कलर भिंतीवर आणि कुंडीत: वाचकांची प्रश्नोत्तरे

दुकानात ‘राणी कलर’ मागितला, तर शेडकार्डावर मॅजेंटा दाखवला. दोन्ही एकच का? (सोलापूर)

सख्खे नाहीत, चुलत म्हणा. साड्यांच्या दुकानातला राणी बहुतेक वेळा गुलाबीकडे झुकतो, छपाईतला मॅजेंटा त्याहून जरा जांभळट. आपलं जुनं ‘गुलबक्षी’ हे नाव मला दोन्हींपेक्षा आवडतं. संध्याकाळी परसात उमलणारं ते फूल डोळ्यासमोर येतं. मॅजेंटा हे नाव इटलीतल्या एका गावाचं. १८५९च्या जूनमध्ये तिथे लढाई झाली आणि त्याच सुमारास बाजारात आलेल्या एका कृत्रिम रंगाला ते चिकटलं. गंमत म्हणजे इंद्रधनुष्यात हा रंग नाहीच. लाल आणि निळा प्रकाश एकदम डोळ्यात शिरला की मेंदू तो स्वतःच रचतो. तेव्हा दुकानात नावावर जाऊ नका, शेडचा नंबर लिहून घ्या.

हॉल दहा बाय बाराचा आहे. एक भिंत मॅजेंटा करायची आहे, पण सासूबाई म्हणतात डोळ्यांवर येईल. (ठाणे)

सासूबाईंचं निम्मं खरं आहे. हा रंग आपल्या भिंतीपुरता राहत नाही, समोरच्या भिंतीवर आणि छतावर त्याची झाक पडते. मी एकदा हौसेने घरातला अरुंद पॅसेज रंगवला होता. तिथून येणाऱ्या प्रत्येकाला आई विचारायची, “ताप आहे का रे?” दोन महिन्यांत पांढरा मारून घेतला.

राणी रंगाची, हिरव्या काठाची पैठणी आठवा. आता ते प्रमाण उलटं करा: घर शांत, मॅजेंटा फक्त काठाला. कोनाडा, पुस्तकांच्या कपाटाची आतली बाजू, नाहीतर देवघराची मागची भिंत. तिथे पितळी समई काय उठून दिसते! टीव्हीमागची भिंत मात्र नकोच. जोडीला पिस्ता किंवा शेवाळी हिरवा घ्या. पांढऱ्याशेजारी हा रंग ओरडतो.

आधी एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो भिंतीला टेकवून ठेवा आणि तीन दिवस सकाळ-रात्र बघा. पिवळ्या बल्बखाली रंग लालसर होतो, पांढऱ्या एलईडीखाली जांभळट. पेंटरला राखाडी प्रायमर मारायला सांगा. पांढऱ्या प्रायमरवर हा रंग पटकन झाकत नाही, हातावर हात चढवावे लागतात आणि बिल वाढतं.

बोगनवेल नर्सरीतून आणली तेव्हा लगडलेली होती. आता नुसती पानं! रोज पाणी घालते, शेणखतही दिलंय. (नाशिक)

लाडाने बिघडली आहे. आपण ज्याला फूल म्हणतो ती मुळात रंगीत पानं. खरं फूल त्यांच्या मधोमध असलेली बारीक पांढरी नळी. एक फूल तोडून पाहा. वेलीला पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की ती पानं-फांद्याच वाढवत बसते.

शेणखत थांबवा. कुंडी लहान वाटली तरी बदलू नका, मुळं थोडी कोंडलेलीच बरी. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवं. पाणी रोज नको: वरची माती कोरडी झाली, पानं किंचित मलूल दिसली की भरपूर घाला आणि पुन्हा ताण द्या. पावसाळा संपला की लांब सुटलेल्या फांद्या छाटा. फुलोरा नव्या फुटीवर येतो. छाटताना हातमोजे घाला, काटे वाईट असतात.

आमच्या गॅलरीत दुपारनंतर ऊनच नसतं. मग या रंगाचं काय लावू? (पुणे)

बोगनवेलीचा नाद सोडा. पावसाळ्यात तेरडा, एरवी सदाफुली. सकाळचं ऊन दोघांनाही चालेल. अगदीच सावली असेल तर गुलबक्षी पानांचा कोलियस लावा. त्याचे तुरे दिसताच खुडायचे, म्हणजे झाड डेरेदार राहतं.

खिडकीचे मॅजेंटा पडदे वर्षभरात विटले. धुण्यात चूक झाली का? (नागपूर)

नाही, ऊन. तुमच्याकडच्या पश्चिमेच्या खिडकीत हा रंग टिकणं कठीण. मागून अस्तर लावा, किंवा पडदे फिके घेऊन मॅजेंटा उशांच्या अभ्र्यांना द्या.