सीजे ३बी जीपचे इंजिन घरी बांधताना टायमिंग कसे लावावे?

तुमचा प्रश्न असा आहे : चोपड्याकडच्या शेतावर अनेक वर्षे उभी असलेली महिंद्राची सीजे ३बी पेट्रोल जीप तुम्ही खोलली आहे, ब्लॉकचे बोअरिंग टर्नरकडून करून आणले आहे, आणि आता जुळणी करताना टायमिंगसाठी (म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगी यांची वेळ पिस्टनच्या हालचालीशी जुळवण्यासाठी) टायमिंग गिअरवरच्या खुणा पाळाव्यात, फ्लायव्हीलवरच्या पाळाव्यात, की फिटर म्हणतो त्याप्रमाणे इंजिन सुरू करून कानाने लावावे, हे ठरत नाही. माझे उत्तर असे की या तिन्हींच्या आधी एक नंबरच्या पिस्टनचे खरे वरचे टोक, म्हणजे तो सगळ्यात वर येतो तो बिंदू, स्वतः मोजून शोधावे. तो बिंदू पक्का झाला की बाकी सगळे त्याच्याशी पडताळता येते. तो पक्का नसेल तर काहीच पडताळता येत नाही.

खुणांवर मी एकदम विश्वास ठेवू नका म्हणतो, याला कारण आहे. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या जुन्या बाजारातून आलेल्या सुट्या भागांवर या जीपा इतकी वर्षे चालत आल्या आहेत. फ्लायव्हील एका इंजिनाचे, पुढची पुली दुसऱ्याचे आणि टायमिंग कव्हर तिसऱ्याचे, असे इंजिन मुळीच दुर्मीळ नाही. अशा इंजिनात पुलीवरची खूण आणि कव्हरवरची रेघ समोरासमोर आली, तरी पिस्टन तेव्हा नेमका वर असेलच असे नाही.

हेड बसवण्यापूर्वीच हे काम करून घ्या. पिस्टन टोकाशी आला की क्रँक काही अंश फिरूनही तो जवळजवळ हलत नाही, म्हणून ‘सगळ्यात वर आला’ हे डोळ्यांनी पाहून ठरवू नये. जाड लोखंडी पट्टी हेडच्या दोन स्टडांवर एक नंबरच्या सिलिंडरवरून आडवी कसा आणि पट्टीच्या मधोमध खाली येणारा एक बोल्ट असा लावा की पिस्टन टोकाच्या थोडा अलीकडेच त्याला टेकेल. क्रँक हाताने सावकाश फिरवून पिस्टन टेकवा आणि पुलीवर पेन्सिलीने रेघ मारा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा आणि दुसरी रेघ मारा. या दोन रेघांमधल्या लहान अंतराचा मध्य म्हणजे खरे वरचे टोक. तिथे पंचने कायमची खूण करा आणि जुनी खूण चुकीची निघाली तर ती घासून टाका, म्हणजे पुढच्या माणसाचा घोटाळा होणार नाही.

आता व्हॉल्व्हचे टायमिंग. या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत (इंजिन उंच झाले आणि सीजे ३बीचे बॉनेट वर उचलावे लागले ते याचमुळे), त्यामुळे तपासणीसाठी वरचे आणि बाजूचे अशी दोन्ही झाकणे उघडी हवीत. क्रँकच्या आणि कॅमच्या गिअरवरच्या खुणा जुळवून बसवा, पण तेवढ्याने एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे असे समजू नका, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो आणि पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर येतो. थंड इंजिनावर इनटेकचे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट) ०.०१८ इंचावर आणि एक्झॉस्टचे ०.०१६ इंचावर लावून घ्या. मग एक नंबर वरच्या टोकाला आणून चार नंबरचे व्हॉल्व्ह पाहा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एक नंबर कॉम्प्रेशनवर असताना चारचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक नुकताच उघडू लागलेला असतो. दोन्ही थोडेथोडे उघडे दिसले तर गिअर बरोबर बसले आहेत. एखादा दात चुकला असेल तर हा तोल स्पष्टपणे बिघडलेला दिसतो. चारऐवजी एकचेच दोन्ही व्हॉल्व्ह अशा स्थितीत असतील, तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या.

घरी काम करणारे बहुतेक जण ऑइल पंपापाशी अडतात. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरचा (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) शाफ्ट ऑइल पंपाच्या शाफ्टमधल्या खाचेत अडकून फिरतो आणि त्याची जीभ मध्यापासून किंचित बाजूला असल्यामुळे तो एकाच प्रकारे बसतो. म्हणजे पंप बसवताना दात चुकला की डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर भलतीकडे तोंड करणार. पुष्कळ फिटर तेव्हा प्लगच्या वायरी पुढेमागे सरकवून गाडी चालू करून देतात. गाडी चालते हे खरे, पण डिस्ट्रिब्यूटर फिरवायला जागा उरत नाही आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याला काहीच उमगत नाही. मी पंप पुन्हा काढून योग्य दातावर बसवण्याच्या बाजूचा आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनात तो बसवण्यापूर्वी ऑइलने भरूनही घ्यावा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत बेअरिंग कोरडे राहत नाहीत.

ठिणगीचे टायमिंग लावण्याआधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडमीट होणाऱ्या संपर्काचा, जो उघडताच ठिणगी पडते) गॅप ०.०२० इंच करून घ्या, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते. हा क्रम उलटला तर काम दोनदा करावे लागेल. ठिणगी टोकाच्या ५ अंश आधी पडायला हवी. पुलीवर अंशांच्या रेघा नसतील तर पुलीच्या व्यासाला ०.०४४ने गुणा, १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर ५ अंश म्हणजे परिघावर सुमारे साडेसहा मिलिमीटर. पुढून पाहता क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून ५ अंशांची खूणही खऱ्या टोकाच्या खुणेपासून घड्याळाच्याच दिशेने पुढे मारावी, म्हणजे ती कव्हरवरच्या रेघेपाशी आधी पोहोचते. त्या खुणेवर इंजिन आणताना नेहमी चालण्याच्या दिशेनेच फिरवा. खूण ओलांडली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो.

त्यानंतर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला बॅटरीच्या व्होल्टेजचा लहान बल्ब लावून त्याचे दुसरे टोक गाडीच्या बॉडीला अर्थ करा आणि इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेला असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो आणि उघडताक्षणी पेटतो. यात रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे डिस्ट्रिब्यूटरची बॉडी बल्ब विझलेल्या स्थितीतून घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा आणि बल्ब पेटला की थांबून क्लॅम्प कसा. क्लॅम्प कसताना बॉडी थोडी सरकते, म्हणून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब खुणेवरच पेटतो का, हे पुन्हा पाहा. तुम्ही हँडल मारून सुरू करणार असाल तर ही तपासणी टाळूच नका. टायमिंग फार पुढे असेल तर हँडल उलटा झटका देते आणि मनगट मोडू शकते.

कानाचा उपयोग यानंतर आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर सातपुड्याच्या एखाद्या चढावर वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून ही चाचणी दुपारी घ्यावी, पहाटे नव्हे. ठोका (इंजिनातून येणारा धातूवर आपटल्यासारखा आवाज) ऐकू आला तर डिस्ट्रिब्यूटरची बॉडी किंचित घड्याळाच्या उलट फिरवा. ठोका नाही पण गाडी ओढत नाही आणि इंजिन लवकर तापते, तर किंचित घड्याळाच्या दिशेने. दोन-तीन अंश सरकवूनही फरक पडत नसेल, तर टायमिंग आणखी ओढूनताणून बसवू नका आणि कार्ब्युरेटर, कार्बन व रेडिएटर तपासा.

नव्या पॉइंटची टाच (डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टवर घासणारा भाग) सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टॅपेट तपासाल तेव्हाच गॅप आणि बल्बची तपासणीही पुन्हा करून घ्या.