राफाएलची कॉपी करून तैलरंग शिकता येतात का? हात बिघडतो का?

रत्नागिरीत, शिक्षकाशिवाय, इटालियन चित्रकार राफाएलच्या मॅडोनाची (बाळ येशूला घेतलेल्या मेरीच्या चित्राची) कॉपी करून तैलरंग शिकता येतील का, ब्रश कोणते घ्यावेत, आणि 'कॉपीने हात बिघडतो' हे तुमच्या सरांचं म्हणणं खरं का, असे तुमचे तीन प्रश्न.

शेवटचा आधी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून अजिंठ्याच्या भिंतींची कॉपी करत होते. पुढे नावाजलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यांचा हात बिघडला असं सरांनी एकदा सांगून दाखवावं! हात बिघडतो तो वरचा दिसणारा रंग नकलल्याने. थर ज्या क्रमाने चढले तो क्रम नकला.

'स्मॉल काउपर मॅडोना' घ्या. साधारण 1505 चं, लाकडी फळीवरचं तैलचित्र. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर मोठी फाइल फुकट मिळते. मूळ माप 59.5 बाय 44 सें.मी., म्हणजे ए-2 पेक्षा जरासं रुंद. प्रिंट त्याच मापाची काढा.

कॅनव्हास नको. आपल्याकडच्या दमट हवेत तो सैल पडतो आणि मागून बुरशी धरतो. मरीन प्लाय घ्या, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही अ‍ॅक्रिलिक प्रायमर मारा. एकाच बाजूला मारलात तर फळी वाकते. चित्राच्या बाजूला तीन हात, प्रत्येक आधीच्याला आडवा, मध्ये 220 नंबरचा पॉलिश पेपर.

प्रिंटवरून रेखाटन फळीवर उतरवलं की बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळी छाया-प्रकाशाची मांडणी करा. तेलाचा थेंबही नको. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रखडतो, म्हणून खालच्या थरात काळा घालायचा नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि पावसाळ्यात ते काम आणखी लांबतं. खालचा थर ओला असताना वरचा आधी वाळला तर तडे जातात. म्हणून दसऱ्यानंतर सुरू करा आणि शिमग्याच्या आत शेवटचा थर उरका.

मॅडोनाच्या निळ्या वस्त्रावर सगळे फसतात. सावलीसाठी निळ्यात काळा मिसळला की कापड मेलंच. आधी अल्ट्रामरीन आणि टायटॅनियम व्हाइटने घड्या पूर्ण करा, सावलीसुद्धा थोडी फिकटच ठेवा. कडेला नख दाबून उमटत नाही इतकं वाळलं की नुसत्या अल्ट्रामरीनमध्ये जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घालून पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, द्या आणि कोरड्या मऊ ब्रशने थोपटा. तेल जास्त झालं तर सुरकुत्या पडतात. रंगाची खोली कमी वाटली तर वाळल्यावर दुसरा ग्लेझ. लाल पोशाखालाही हेच, फक्त साधा अलिझरिन नको, पातळ ग्लेझमध्ये उन्हाने उडतो. पर्मनंट लिहिलेली ट्यूब पाहा. मध्येच रंग मॅट होऊन बसला तर वर गडद फासू नका. तेलाचा बोळा हलका फिरवून पुसून घ्या, खरा रंग दिसतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं जवसाचं डबल बॉइल्ड तेल वापरू नका, काळपट पडतं.

ब्रश: हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे) 4 आणि 8 नंबर, चेहऱ्यासाठी मऊ सिंथेटिक 2. बाराचा सेट विकत घ्यायला सांगतील, घेऊ नका. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, तेही पावसात नाही, पांढरट धुकं धरतं. आणि तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.