व्हिडिओ लहान करायला गेलो, तो मोठाच झाला

प्रश्न : नातीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं. 25 मिनिटं, 1.2 जीबी. पाठवायला जड म्हणून हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या प्रोग्रॅममध्ये घातलं. कॉम्प्युटरचा पंखा तासभर घरघरला आणि फाइल निघाली 2.1 जीबीची! चित्र आधीपेक्षा सरस असतं तर एक वेळ समजलं असतं, पण तसंही नाही. प्रोग्रॅम खराब आहे का?

उत्तर : प्रोग्रॅम ठणठणीत आहे. तुम्ही जे मागितलंत ते त्याने निमूटपणे दिलं. तुम्ही पत्रासोबत दोन्ही स्क्रीनशॉट पाठवलेत हे फार बरं केलंत. ‘व्हिडिओ बिघडलाय, उपाय सांगा’ एवढ्याच ओळीवर मी काय सांगणार?

मीडियाइन्फोच्या, म्हणजे फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चित्रात मूळ फाइलचा फॉरमॅट एचईव्हीसी, म्हणजेच एच.265 दिसतोय. हँडब्रेकमध्ये मात्र तुम्ही एच.264 निवडलंय. दोन्ही व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती. एच.264 हे 2003 सालचं मानक, एच.265 हे 2013 सालचं. तेवढ्याच दर्जाचं चित्र नवं मानक बऱ्याच कमी बिटांत बसवतं. म्हणजे काटकसरी पद्धतीतून तुम्ही उधळ्या पद्धतीत गेलात. त्यात आरएफची, म्हणजे दर्जा ठरवणारी, सरकपट्टी 18 वर. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चढा आणि फाइल मोठी. इथे हँडब्रेक आकाराकडे ढुंकूनही बघत नाही. ‘दर्जा एवढा राख, बिटं लागतील तेवढी लागोत’ असाच तो हुकूम असतो. एच.264 मध्ये हा आकडा सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. 18 चे 24 करून बघा, फरक लगेच कळेल.

तिसरा गुन्हेगार स्क्रीनशॉटच्या काळोख्या कोपऱ्यात आहे. हॉलमध्ये उजेड कमी होता, त्यामुळे मागच्या पडद्यावर बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. कॉम्प्रेशनचा सगळा डाव ‘मागच्या फ्रेममध्ये होतं तेच इथेही आहे’ हे ओळखण्यावर चालतो. स्थिर पडदा फुकटात जातो. पण ठिपके दर फ्रेमला जागा बदलतात आणि एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग, बिचारा प्रत्येक ठिपका इमानेइतबारे नोंदवत बसतो. तुमची निम्मी बिटं गाणारीवर नाही, पडद्यावर खर्च झाली असतील. फिल्टर्सच्या टॅबमध्ये हे ठिपके पुसणारं डीनॉइज आहे, त्यात एनएलमीन्स ही पद्धत निवडून जोर ‘लाइट’ ठेवा. वेळ बराच लागतो. जोर वाढवू नका, माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

आणि आकारच महत्त्वाचा असेल तर सरळ गणित मांडा. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारी बिटं) गुणिले सेकंद, बाकी काही नाही. समजा, तुम्हाला 500 एमबी हवेत. 500 ला 8 ने गुणलं की 4000 मेगाबिट. 25 मिनिटं म्हणजे 1500 सेकंद. भागाकार येतो सुमारे 2670 किलोबिट प्रति सेकंद. त्यातून आवाजाचे 128 वजा केले आणि थोडी सूट ठेवली की व्हिडिओला 2500 उरतात. हा आकडा ‘ॲव्हरेज बिटरेट’च्या चौकटीत लिहा, मल्टी-पासवर (आधी पूर्ण व्हिडिओ चाळून मग बिटं वाटण्याची सोय) खूण करा आणि एन्कोडर एच.265 ठेवा. तरी चित्र चौकटी-चौकटींचं दिसलं तर चित्राची उंची 1080 ओळींवरून 720 वर आणा, पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. फोनवर बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

हे सगळं 25 मिनिटांवर करून बघत बसू नका. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ असते, तिथे चॅप्टरऐवजी सेकंद निवडून गर्दीचा, हालचालीचा 30 सेकंदांचा तुकडा काढा. टाळ्यांचा भाग उत्तम. तो नीट आला तर बाकीचं नीटच येतं. मी आधी असा तुकडा तपासते, मग रात्री पूर्ण काम लावून झोपते. मूळ फाइल मात्र पुसायची नाही, अगदी निकाल मनासारखा आला तरी.

प्रश्न : फोनवरचा व्हिडिओ एडिट करून एक्स्पोर्ट केला की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी शेवटी आवाज मागे पडतो. असं का?

उत्तर : ‘सुरुवातीला जुळतात’ हे लिहिलंत, तिथेच निदान झालं. पहिल्यापासून सारखाच फरक असता तर आवाज नुसता मागे-पुढे सरकवून भागलं असतं. वाढत जाणारा फरक म्हणजे बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या. उजेड कमी झाला किंवा फोन दमला की तो सेकंदाला 30 ऐवजी कमी फ्रेम टिपतो. काही एडिटिंग प्रोग्रॅम मात्र 30 च धरून चालतात, आणि चित्र-आवाजाची फारकत होते. मीडियाइन्फोत ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसेल. एडिटिंगच्या आधी, नंतर नव्हे, फाइल हँडब्रेकमधून काढा. फ्रेम रेट 30 आणि ‘कॉन्स्टंट’ निवडा. ही मधली प्रत आहे, तेव्हा इथे आरएफ 16-18 चालेल, आकाराची काळजी नको.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्याच्या मिनीडीव्ही टेपा कॉम्प्युटरवर घेतल्या. कॉम्प्रेस केल्यावर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेषा येतात.

उत्तर : रेषा मूळ टेपेतच आहेत. तुमचा कॅमेरा पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचा. तो सेकंदाला 25 फ्रेम टिपतो, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत : आधी एकाआड एक ओळी, मग एक पन्नासांश सेकंदाने उरलेल्या. तेवढ्यात हात हलला की दोन ओळींच्या जाळ्या जुळत नाहीत. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला (हे हप्ते सोडवणाऱ्या फिल्टरला) ‘यादिफ’ निवडा आणि प्रीसेट ‘बॉब’ ठेवा. मग दोन्ही हप्ते सुटे होऊन सेकंदाला 50 फ्रेम मिळतात आणि हालचाल टेपेसारखीच सुळसुळीत राहते. फ्रेम रेटही 50 किंवा ‘सेम ॲज सोर्स’ हवा, 25 वर अडकवलात तर बॉब फुकट. रेषा न काढता चित्राची उंची मात्र कमी करू नका. ओळी एकमेकींत मिसळल्या की त्या सुट्या करता येत नाहीत. टेपेची तासाला सुमारे 13 जीबी होणारी डीव्ही फाइल जड वाटली तरी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

प्रश्न : व्हिडिओची झिप केली, 900 एमबीचे 897 झाले. काही तरी चुकतंय का?

उत्तर : नाही. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, आणि पिळून वाळत घातलेला कपडा पुन्हा पिळून पाणी निघत नाही. आठ-दहा फाइली एका गठ्ठ्यात पाठवायच्या असतील तर झिप करा, एरवी नको.