मॅडम, आधी तिला ‘जेवलीस का’ विचारा

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून तासाभराच्या अंतरावरच्या जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. नववीतली एक मुलगी दिवाळीपासून पार बदलली आहे. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत. ती आजीजवळ असते, पाठचे दोन भाऊ आहेत. अक्षर मोत्यासारखं होतं, आता वह्या कोऱ्या. तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकवते. विचारलं की ‘काही नाही मॅडम’ म्हणते आणि रडते. आजी म्हणते, बाहेरचं आहे. देवरशाकडे नेऊन आणलं. मी आरोग्यदूत शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून मुख्याध्यापकांनी तिला माझ्याकडेच सोपवलं. शाळेत २१२ मुलं आहेत, समुपदेशक नाही. तिच्यावर उपचार करण्याएवढं मला काही येत नाही. काय करू?

उत्तर : ‘येत नाही’ असं तुम्ही लिहिलंत, तिथंच माझी निम्मी काळजी मिटली. सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मी अकरा वर्षं समुपदेशक होते. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं की मुलांना तासभर बोधामृत पाजणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत.

पहिली गोष्ट, ‘डिप्रेशन’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. ती पहाटे किती वाजता उठते? भाकरी कोण थापतं, पाणी कोण भरतं, भावांचं आवरून कोण देतं? आणि सकाळपासून तिनं काय खाल्लंय? शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीत पोरगी तीच, भूक तीच, ताट मात्र बंद. त्यात पाळी सुरू झालेली असते. आठवड्याची निळी लोहाची गोळी ती खरंच गिळते की खिडकीतून टाकते, तेही बघा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘मनाचा आजार’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या कितीतरी मुलींच्या अंगात रक्तच नव्हतं. रक्त भरून आलं म्हणजे मन आपोआप ठीक होतं असं नाही, पण सुरुवात तिथून करायची.

मग बोला. कुठं बोलायचं, हे मी एका पोराचं नुकसान करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत शिपायाच्या हाती वर्गात चिठ्ठी पाठवली, ‘अमुकला समुपदेशकांनी बोलावलंय’. सगळा वर्ग हसला. तो पोरगा आला, खाली मान घालून पाच मिनिटं बसला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. तुम्ही तिला वह्यांचा गठ्ठा उचलायला सोबत घ्या, ग्रंथालयाचं कपाट लावायला घ्या. हातात काम असलं की मुली बोलतात. ‘का रडतेस?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तिलाही माहीत नसतं. ‘कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांग’ म्हणा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. घरातल्या किंवा गावातल्या कुणी तिच्या अंगाला हात लावला असेल, तर पोक्सो कायद्यानं ते कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. आईबाप फडावर असताना आजीच्या भरवशावर ठेवलेल्या मुलीबाबत ही शंका मनात ठेवावीच लागते. लग्नाची बोलणी चालू आहेत का, तेही हळूच काढा. तसं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर) असते.

एक प्रश्न विचारायला तुमची जीभ अडखळेल : ‘कधी जीव नकोसा वाटतो का?’ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. असलंच तर बाहेर पडतं. ‘हो’ म्हणाली, तर त्या दिवशी तिला एकटी घरी पाठवायची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्यासमोर लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पाठोपाठ अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. नुसती चिठ्ठी देऊ नका, सोबत जा. आजीलाही घ्या. देवरशाचा विषय काढून तिच्याशी भांडू नका. ‘तेही झालं, आता डॉक्टरांना दाखवू’ एवढंच म्हणा.

आता मुख्याध्यापकांनी तिला तुमच्यावरच सोपवलं, त्याबद्दल. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं मुलांच्या आरोग्याच्या कार्यक्रमाचा एक प्रयोग केला, तो २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकांनीच चालवला, काहींत त्यासाठी नेमलेल्या साध्या पदवीधरांनी. पदवीधरांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांचं नैराश्य कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. मला विचाराल तर नवल नाही : जो गुण देतो आणि उद्या फळ्यापाशी उभं करणार आहे, त्याच्यापुढे मूल मन कसं मोकळं करणार? शिवाय तुमच्या मागे निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन माहिती भरणं हे लचांड आहेच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलंय. तुमच्याकडे २१२ आहेत. तो आकडा घालून मुख्याध्यापकांच्या सहीनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रानं लगेच माणूस येईल असं मी म्हणत नाही, पण मागणी कागदावर नसली की ‘कुणी मागितलंच नाही’ असं उत्तर मिळतं.

आणि तिच्या आईशी बोला. मुकादमाच्या फोनवर नको, सगळ्या टोळीत बातमी होईल. आईचा स्वतःचा नंबर मिळवा, रात्री ती कोपीवर (फडावरच्या झोपडीत) परतल्यावर लावा. आधी चांगलं सांगा, तिच्या अक्षराचं सांगा. मग फोन मुलीच्या हातात द्या आणि तुम्ही अंगणात जाऊन उभ्या राहा.