नोंद कुठल्या तारेवरून आली?

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

होटगी रोड विमानतळावर अहमदाबादच्या विमान अपघातावरून तुम्हा दुरुस्तीवाल्या मंडळींत दोन तट पडलेत, एक म्हणतो पायलटने केलं, दुसरा म्हणतो यंत्र बिघडलं, हे तुझ्या पत्रावरून कळलं. वाद जरूर घाल. फक्त विमानाच्या रेकॉर्डरमधली प्रत्येक नोंद कुठल्या तारेवरून आली, म्हणजे तिथे नेमकं काय मोजलं जात होतं, हे आधी विचार.

जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच सेकंदाच्या अंतराने ‘रन’ (इंधन चालू) वरून ‘कटऑफ’ला (इंधन बंद) गेले. रेकॉर्डरला हात दिसत नाही. तो स्विचचा सिग्नल लिहितो. हा स्विच उचलून खाचेवरून न्यावा लागतो, हे खरं. त्याच्या लॉकबद्दल अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये पत्रक काढलं होतं, हेही खरं. पण तो सल्ला होता, सक्तीची एडी (नियामकाचा पाळावाच लागणारा दुरुस्ती-आदेश) नव्हे. हा फरक न बघता दोन्ही तट ते पत्रक नाचवतात.

बोईंग ७३७ च्या रडरचा, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या फळीचा, वाद मात्र नीट अभ्यास. ती पायलट पायातल्या पेडलांनी हलवतो. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला विमान पडलं, २५ माणसं गेली. रेकॉर्डरवर पाचच पॅरामीटर, म्हणजे पाचच गोष्टींची नोंद; पहिल्या अहवालात कारण ठरलंच नाही. ८ सप्टेंबर १९९४ ला पिट्सबर्गजवळ दुसरं पडलं, १३२ गेले. या वेळी पॅरामीटर तेरा, पण रडर आणि पेडल त्यांत नव्हते. नाक डावीकडे गेलेलं दिसत होतं. पायाने नेलं की व्हॉल्व्हने, ते नाही. कंपनी पायलटकडे बोट दाखवी, पायलटांची संघटना रडरकडे. आपल्याकडे टॉवेलात फॉल्ट आली की मालक कामगाराला बोलतो आणि कामगार मागाला, तसंच. माग दुरुस्त करणारा जॉबर मात्र आधी माग उघडतो.

इथेही व्हॉल्व्ह उघडला. रडर हलवणारं तेल कुठल्या वाटेने सोडायचं ते ठरवणाऱ्या सर्वो व्हॉल्व्हमध्ये एकात एक दोन सरकत्या नळ्या, म्हणजे स्लाइड असतात: आत प्रायमरी, बाहेर सेकंडरी. सेकंडरी अडकली आणि पेडल जोरात दाबलं, तर प्रायमरी हद्दीपलीकडे सरकते, तेल उलट्या वाटेने जातं. उजवं पेडल दाबावं, तर रडर डावीकडे! गार केलेल्या युनिटमध्ये एकदम गरम हायड्रॉलिक तेल सोडलं तेव्हा चाचणीत स्लाइड अडकली. नंतर पाहिलं तर आत ओरखडासुद्धा नाही. १९९९ मध्ये पिट्सबर्गचं संभाव्य कारण हेच ठरलं, २००१ मध्ये कोलोरॅडोचंही. म्हणून ‘पार्टवर खूण नाही, म्हणजे पार्ट चांगला’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच अडव.

तुझ्या हातातलंही सांगतो. तक्रारीवरून काढलेलं हायड्रॉलिक युनिट पुसू नकोस, त्यातलं तेल सांडू देऊ नकोस. पोर्टना, म्हणजे तेलाच्या तोंडांना, लगेच स्वच्छ कॅप लाव. टॅगवर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि पायलटची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरव. ‘चेक केलं, ओके’ एवढंच लिहू नकोस. प्रेशर किती आलं आणि कुठल्या टास्क कार्डाने (कामाच्या पायऱ्यांच्या छापील कागदाने) तपासलं, ते लिही.

तुझा,
काका