शिबिर झालं, मणी कुठे?

(मुलामुलींच्या स्काउट संघटनेत काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न : नव्या स्वयंसेवकांसाठी आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतो. वक्ते नावाजलेले असतात, अभिप्रायाचे कागद कौतुकाने भरून येतात. पण महिन्याभरात त्यातलं काहीही पथकात दिसत नाही. चूक कुठे होते?

‘वक्ते’ इथेच. प्रौढ माणूस भाषण आवडीने ऐकतो आणि तितक्याच आवडीने विसरतो. पाऊण तासाच्या सत्रात सांगणं-दाखवणं दहा मिनिटांत उरका, पंचवीस मिनिटं हाताला काम द्या आणि उरलेल्या दहा मिनिटांत ‘हे तुमच्या मुलांपुढे कसं मांडाल?’ यावर बोला. हा शेवटचा भाग वेळ संपली म्हणून गाळला जातो. खरं तर शिबिर त्याच्यासाठीच असतं.

स्क्वेअर लॅशिंगचं, म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन काठ्या दोरीने बांधण्याचं, उदाहरण घ्या. दोघांमागे दोन काठ्या आणि तीन मीटर दोरी पुरते. उभ्या काठीवर, आडवी काठी येते त्याच्या लगेच खाली क्लोव्ह हिच ही गाठ. मग दोन्ही काठ्यांना धरून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी ओढून. त्यानंतर काठ्यांच्या मधून दोन-तीन आवळफेऱ्या आणि शेवटी आडव्या काठीवर पुन्हा क्लोव्ह हिच. लॅशिंग सैल पडलं, तर शेवटची गाठ तपासत बसू नका. दोष बहुतेक वेळा आवळफेऱ्यांत असतो. त्या हाताने नुसत्या गुंडाळलेल्या असतात, अंगाचा जोर लावून खेचलेल्या नसतात.

प्रशिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे समोर तोंड करून दाखवणं. बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं. शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहा, नाहीतर सरळ पाठ करा आणि हात खांद्याच्या उंचीवर धरा. सगळ्यांना जमलं की दुसरी फेरी घ्या : प्रत्येकाने जोडीदाराला तेच शिकवायचं, पण स्वतःचे हात पाठीमागे ठेवून. दोरी हिसकावून ‘दे, मी करतो’ म्हणण्याची मोठ्यांची खोड किती घट्ट आहे, हे त्या दहा मिनिटांत ज्याचं त्याला कळतं.

संख्या २४ ते ३२ ठेवा. सहा ते आठ जणांचे चार संघ, प्रत्येक संघामागे एक प्रशिक्षक, शिवाय शिबिरप्रमुख आणि साहित्य सांभाळणारा एक जण. संघनायक दर अर्ध्या दिवसाला बदला. संघपद्धतीवर (छोटा संघ आपल्या नायकाच्या हाताखाली कसा चालतो यावर) वेगळं व्याख्यान ठेवायची मग गरज उरत नाही. आणि जेवणानंतरचं पहिलं सत्र बसून घेऊ नका, एवढं तरी ऐकाच.

प्रश्न : स्काउट मास्टरचा प्रगत अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रमाणपत्रही मिळालं. मग वुड बॅजचे, म्हणजे स्काउट प्रशिक्षण पुरं केल्याची खूण म्हणून गळ्यात घालायचे, लाकडी मणी का देत नाहीत?

कारण मणी शिबिराला हजर राहण्याचे नाहीत. वुड बॅजचा पहिला अभ्यासक्रम लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये ८ ते १९ सप्टेंबर १९१९ या काळात झाला; तेव्हा १९ जण शिकायला होते. मूळ लाकडी मणी स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या हारातले. नियम देशागणिक बदलतात, तरी साधारण रीत अशी की शिबिरात शिकलेलं स्वतःच्या पथकात काही महिने राबवायचं, त्याची नोंद ठेवायची, कुणीतरी येऊन ते पाहायचं आणि मग दोन मणी. तीन किंवा चार मणी दिसले, तर तो माणूस इतरांना प्रशिक्षण देणारा आहे असं समजा.

या नोंदींचे अहवाल नापसंत होऊन परत येतात ते बहुधा फोटोंनी भरलेले असतात म्हणून. तपासणाऱ्याला फोटो नको असतात. सभेचा आराखडा काय होता, प्रत्यक्षात काय घडलं, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय बदललं, या चार गोष्टी हव्या असतात. फसलेली सभा प्रामाणिकपणे लिहिली तर अहवालाचं वजन वाढतं. नोंद त्याच संध्याकाळी करा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

प्रश्न : बालसुरक्षेच्या सत्रात नियम वाचून दाखवतो. आणखी काय करावं?

नियम वाचा, पण मग प्रसंग उभा करा. एक जण मूल होतो आणि म्हणतो, ‘दादा, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं.’ समोरचा नव्वद टक्के वेळा ‘नाही सांगणार’ म्हणून मोकळा होतो, असं गृहीत धरूनच सत्र आखा, कारण तोंडातून पहिलं तेच निघतं. योग्य उत्तर तोंडात बसेपर्यंत म्हणवून घ्या : ‘तू सांगतोयस हे बरं केलंस. तुला मदत व्हावी म्हणून ज्यांना सांगावं लागेल, त्यांनाच मी सांगेन.’ पुढे खोदून विचारायचं नाही. ‘त्याने मारलं का?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ-तारीख घालून त्याच दिवशी लिहायचे आणि संस्थेने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीकडे द्यायचे. स्वतः चौकशी करायची नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारायला तर मुळीच जायचं नाही. चांगल्या मनाचे स्वयंसेवक नेमके इथेच घसरतात.

प्रश्न : पंधरा वर्षं पथक चालवणारे काका ‘मला काय शिकवणार?’ म्हणतात.

त्यांना पहिल्या बाकावर बसवू नका. त्यांच्या पथकाची एक सभा पाहा, जे येतं त्यावर खूण करा आणि उरलेल्याच सत्रांना बोलवा. बालसुरक्षा आणि प्रथमोपचार मात्र कुणालाही माफ नाही. काकांना तर नाहीच, कारण जुन्या सवयी त्यांच्याच हातात जास्त.

प्रश्न : प्रथमोपचाराच्या सत्रात, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याच्या सरावासाठी, पुतळे किती लागतील?

चौघांमागे एक. मोठ्या माणसासाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब, मग दोन श्वास. प्रत्येकाला सलग दोन मिनिटं करू द्या. एका मिनिटानंतर कोपर वाकतात, दाब उथळ होतो आणि छाती पूर्ण वर येऊ न देताच पुढचा दाब पडतो. वीस सेकंद करून ‘झालं’ म्हणणाऱ्याला हे कधी कळतच नाही. प्रत्येकाच्या पाळीनंतर पुतळ्याचं तोंड पुसायचं साहित्य जवळ ठेवा.